तुलनेसाठी दूध

कारखान्याने नदीत सोडलेल्या सांडपाण्यातलं रसायन आईच्या दुधात उतरतं का, हे ती तपासत होती. कारखान्यालगतच्या वस्तीतल्या बायकांच्या दुधाचे नमुने आले. तुलनेसाठी लांबच्या, स्वच्छ भागातलं दूध हवं होतं. ती स्वतः नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती आणि कारखान्यापासून लांब, नदीच्या वरच्या अंगाला, तिच्या संशोधन संस्थेच्या कॉलनीत, विभागप्रमुख सरांच्या शेजारीच राहत होती. तिने आपलंच दूध दिलं.

निकाल पाहून तिला वाटलं, मशीन बिघडलंय. तिने नमुना पुन्हा लावला. आकडा हलला नाही. वस्तीतल्या बायकांइतकंच रसायन तिच्याही दुधात होतं. सकाळीच तिची मुलगी अंगावर पिऊन झोपली होती.

अहवाल चाळून सरांनी चष्मा काढला. "तुझा नमुना वगळ. बाटलीतच काहीतरी असेल."

"बाटली तपासली, सर. दुसऱ्यांदा दूध काढूनही पाहिलं."

"अगं, हे छापलं तर सगळं शहर अंगावर येईल. एका नमुन्यापायी कशाला नसता ताप?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. तिने नमुन्याची एक कोरी बाटली सरांसमोर ठेवली.

"वगळते, सर. पण मग कॉलनीतलंच दुसरं दूध लागेल. बाळंतपणाला आलेली तुमची लेक आता बाळाला पाजतेय ना? तिचं आणून द्या."