मुदत संपलेला उपमा

भास्कररावांनी पाहुण्यांसमोर बहिणीच्या स्वयंपाकाचं जरा जास्तच कौतुक केलं, तेव्हापासून निर्मलाबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला होता. आज सकाळी भास्कररावांनी स्वतःच तयार उपम्याचं पाकीट वाडग्यात रिकामं केलं आणि वर उकळतं पाणी ओतलं.

त्या पाकिटाची मुदत कधीच संपली होती. टाकून द्यायचं म्हणून निर्मलाबाईंनी ते बाजूला काढलं होतं. पण सांगायचं, तर आधी बोलावं लागणार! त्या खोकल्या. भांडी आपटली. रिकामं पाकीट, तारीख वर करून, नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. भास्कररावांनी ते शांतपणे बाजूला सारलं आणि खायला सुरुवात केली.

दुसऱ्या घासाला निर्मलाबाईंना राहवेना. "अहो, थुंका ते! मुदत संपलीय त्याची!"

"माहीत आहे," भास्करराव म्हणाले. "पण तू फार उशीर केलास. दोन घास गेले पोटात."

निर्मलाबाई ओवा घेऊन धावल्या. दुपारभर त्या सारख्या विचारत होत्या, "आता कसं वाटतंय हो?"

भास्कररावांना काहीच झालं नव्हतं. डोळे मिटून ते क्षीण आवाजात म्हणायचे, "अजून नक्की सांगता येत नाही गं."