शेवटचा आकडा

"मास्तर, जाता जाता एक सही हवी होती," संध्याकाळच्या पाळीच्या ताई म्हणाल्या.

मास्तर हेडफोन काढून ठेवत होते. शाळेशी त्यांचा संबंध दहावीलाच सुटला होता, पण कंट्रोल रूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला शिकवून तयार करायचं काम त्यांचंच, म्हणून ते मास्तर. शहरातल्या चार हजार घरांचे अलार्म या खोलीशी जोडलेले होते. कुठे दार उघडलं, काच फुटली, की त्या घराच्या भिंतीवरचं पॅनल इथे सिग्नल पाठवी. इथून पोच मिळाली नाही, तर पुन्हा पाठवी. "घर हाक मारतंच, ऐकणारा जागेवर हवा," असं मास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. सतरा वर्षांत त्यांच्या हातून एकही सिग्नल हुकला नव्हता.

"कसली सही?"

"एक घर आहे. तीन दिवस तिथून धाकाचा कोड येतोय."

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. धाकाचा कोड म्हणजे काही थट्टा नव्हे. कुणी मानगुटीवर बसून अलार्म बंद करायला लावलाच, तर घरच्या माणसानं आपल्या नेहमीच्या कोडमधला शेवटचा आकडा एकने वाढवून दाबायचा. अलार्म मुकाट्यानं बंद होतो, दिवा हिरवा लागतो, शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही. इथे मात्र स्क्रीनवर लाल पट्टी येते.

"आणि तीन दिवस आपण काय माशा मारत होतो?"

"चुकून दाबला असेल, अशी नोंद केली. पहिले दोन दिवस मी सुट्टीवर होते. कालचा मात्र मीच पाहिला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

"घर कसं आहे?"

"चांगलं. कधी तक्रार नाही, काही नाही. म्हणून तर वाटलं, चूकच असेल."

"एकदा झाली तर चूक. ओळीनं तीन दिवस? कोण आहे घरात?"

"एक बाई असते."

"मग ती बाई मदत मागतेय, ताई. एवढा सरळ हिशेब आहे."

"आधी फोन करून विचारू का?"

"भलतंच! फोन नेमका त्याच्या हातात पडायचा. तो गोड बोलणार, तुम्ही फसणार, आणि मागाहून भोगायचं तिनं. ही माणसं वरून कशी साळसूद असतात, तुम्हाला ठाऊक नाही. सिग्नल आला की थेट पोलीस."

"त्याला तुमची सही लागते," ताईंनी कागद पुढे सरकवला.

पत्त्याची ओळ कोरी होती. "पत्ता मी भरते," त्या म्हणाल्या. मास्तर एरवी कोऱ्या कागदाला हात लावत नसत. पण इथे कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न होता. त्यांनी झोकात सही केली, खाली वेळही टाकली.

ताईंनी कागद लगेच उचलला. "वहिनी कशा आहेत? साहेबांच्या निरोप समारंभाला दिसल्या नाहीत."

"तिला गर्दी सोसत नाही."

"आज थेट घरीच ना?"

"जाणार कुठे? मी आणि घड्याळ बरोबरच पोचतो."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रीनकडे खुर्ची वळवली.

वाटेत मास्तरांच्या डोक्यातून ती बाई जाईना. कोण कुठली, पण जीव तुटत होता. पाठीशी कुणीतरी उभं आहे, त्याचा श्वास मानेवर जाणवतोय, आणि त्यातही बरोबर तेवढाच एक आकडा चुकवायचा! केवढं धैर्य लागत असेल. आपल्या एका सहीनं आज ती सुटेल, या विचारानं त्यांना बरं वाटलं. कोपऱ्यावर थांबून त्यांनी बायकोसाठी फुलंसुद्धा घेतली.

किल्लीनं दार उघडताच पॅनल पिक्-पिक् करू लागलं. अर्ध्या मिनिटात कोड दाबावा लागतो, आणि तो बायकोनंच दाबायचा, असा घरचा नियम होता. तिला सवय राहावी म्हणून. ती पदराला हात पुसत लगबगीनं आली.

"उशीर झाला," मास्तर शांतपणे म्हणाले.

"हात ओले होते."

"रोज काहीतरी असतंच."

तिनं फुलांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मास्तरांनी दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ते बूट काढायला वाकले. पॅनलपाशी बायकोनं तीन आकडे भराभर दाबले. चौथ्यावर तिचं बोट क्षणभर अडलं, आणि मास्तरांनीच शिकवलं होतं तसं, एक घर पुढे सरकलं.