टेकडीवरची हाक

अभयारण्यातली टेकडी चढताना एकोडीच्या गाइडने, कवडूने, बजावलं होतं, "जंगलात नाव घेऊन हाक नाई मारत जी. नुसतं 'कूऽ' करतो आमी." तरी माथ्यावर पोचताच कुलदीपने हसत हसत बायकोला हाक मारली, "रीनाऽ". पलीकडच्या डोंगरातून तीच हाक परत आली.

खाली उतरून तलाव पाहून झाला, उन्हं कलली, तरी ती हाक येतच राहिली. दर वेळी थोडी जवळून. आवाज कुलदीपचा, आणि कुलदीप रीनाचा हात धरून शेजारीच, तोंड मिटून उभा.

"ओ नोका देऊ, ताई," कवडू पुटपुटला.

रीनाने ओठ घट्ट दाबले.

ते परत जिप्सीपाशी आले, तेव्हा हाक गाडीमागच्या बांबूतून आली. पाठोपाठ तिथूनच, रीनाच्याच आवाजात कोणी म्हणालं, "आली, आली."

कुलदीपने तिचा हात सोडला.

"चला कवडूभाऊ, आली रीना," तो म्हणाला, आणि बांबूकडे बघून हसला.