नकाशावाली आणि तक्तेवाली

नकाशा पुन्हा पांढराफटक पडला.

रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर उजवीकडे तक्ते झकास दिसत होते. कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या, एका नजरेत कळत होतं. डावीकडे मात्र शहराचा नकाशा आणि त्यावर धावणाऱ्या गाड्या दिसायला हव्या होत्या, तिथे काहीच नव्हतं. दुपारपासून सगळा कारभार या एका वेबपानावर चालायचा होता.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," मॅनेजर कपाळ पुसत म्हणाले. "नकाशा काढणारी तयार कोडची लायब्ररी वेगळी, तक्त्यांची वेगळी. एकेकटी असली की गुणी बाळ, एकत्र आल्या की मारामारी. तक्ते काढून टाका."

"मग गाडी भरलेल्या रुग्णालयाच्या दारात जाऊन उभी राहील, साहेब," नकाशावाली म्हणाली.

ऑफिसात दोघींना याच नावांनी ओळखत. नकाशावाली जुनी. तक्तेवाली नुकतीच आलेली, तीही नकाशावालीनंच सुचवलेली. 'तिच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही, दुसरी शोधूच नका,' असं तिनं सांगितलं होतं. कॉलेजातली मैत्रीण असणार, असं मॅनेजर धरून चालले होते.

दोघींनी एकाच पडद्यापुढे खुर्च्या ओढल्या. कोडची एकेक ओळ तपासायला घेतली.

"सापडलं," तक्तेवाली म्हणाली. "दोन्ही लायब्रऱ्यांनी आपल्या मुख्य फंक्शनला, म्हणजे चित्र काढणाऱ्या कोडच्या तुकड्याला, एकच नाव दिलंय. पान हाक मारतंय तुझ्या नकाशाला, आणि ओ देतेय माझी."

मॅनेजरांनी पुन्हा कपाळ पुसलं. आता 'तू बदल, तू बदल' सुरू होणार. असल्या भांडणांत त्यांचे केस पांढरे झाले होते.

"नाव माझी लायब्ररी बदलेल," तक्तेवाली म्हणाली. "ती नंतर आली."

"नंतर आली म्हणून काय झालं? गरज दोघींचीही आहे." नकाशावालीनं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "बदल तू. पण तुझे तक्ते कुठे अडखळतात का, ते मी बघते. तुझं काही मोडायला नको."

नाव बदललं. नकाशा उमटला आणि तक्ते गुल झाले. तक्तेवालीचा चेहरा उतरला.

"अगं, एका ठिकाणी जुनंच नाव राहिलंय," नकाशावालीनं बोट ठेवलं. "हे बघ."

आता दोन्ही शेजारी शेजारी दिसू लागले. नकाशावर गाड्या सरकत होत्या, तक्त्यात खाटा कमीजास्त होत होत्या.

दुपारी पहिला फोन आला. एका आजोबांच्या छातीत दुखत होतं. ऑपरेटरनं नकाशात जवळची गाडी पाहिली, तक्त्यात रिकामी खाट पाहिली आणि गाडी सोडली. सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले.

"दाखल केलं. आजोबा बोलतायत," ऑपरेटर म्हणाली, आणि कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मॅनेजरांचे डोळे पाणावले. "पुष्कळ माणसं पाहिली मी," ते म्हणाले. "पण एवढा समजूतदारपणा सख्ख्या बहिणींतही नसतो. कधीपासूनची ओळख तुमची?"

तक्तेवाली खाली बघून हसली. नकाशावालीनं तिच्या पाठीवर थाप मारली.

"हिनं माझ्या नवऱ्याशी लग्न केलं ना, तेव्हापासूनची."