भेटीचा वार

लेकीने दोघांना खोलीत आणून सोडलं आणि दिवे, पडदे, गरम पाण्याचा नळ, सगळं चालवून दाखवलं. खोली कसली, चांगलं ऐसपैस घरच होतं ते. पाय रुततील असा गालिचा, एवढाल्या खिडक्या, आणि पलंगावर इतक्या उशा की माणसाने निजायचं कुठे असा प्रश्न पडावा.

"जुनी इमारत आहे, अण्णा. पार मोडकळीला आली होती, पण पाडली नाही. फरशासुद्धा तेव्हाच्याच ठेवल्यात. पूर्वी म्हणे लोक इथे हवापालटाला यायचे."

आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने हौसेने या हॉटेलातली खोली घेतली होती. "दोन दिवस कोणी इकडची काडी तिकडे करायची नाही," अशी तंबी देऊन ती गेली.

दार लागलं तसे अण्णा बायकोकडे बघायला लागले. गाडी फाटकातून आत वळली, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. माईनेही.

"हवापालट!" माई म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

अण्णांना काही हसू आलं नाही. "तुला इथे नको वाटत असेल तर सांग. पोरीला फोन करतो, अर्ध्या वाटेतून माघारी येईल."

"आणि तिला काय सांगणार? मी तेव्हा माहेरी होते, एवढंच तिला ठाऊक आहे."

तेही खरंच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माईला क्षय झाला आणि तिला इथे आणून ठेवलं; तेव्हा हे क्षयाचं इस्पितळ होतं. त्या काळी या दुखण्याचं नाव घरात कोणी काढत नसे. माहेरी गेलीय, असं शेजाऱ्यांना सांगितलं, आणि मग तेच कायम राहिलं.

"मी तर आज पहिल्यांदाच वर आलो," अण्णा म्हणाले.

नातेवाइकांना वर सोडत नसत. दर रविवारी सगळ्यांनी कुंपणापलीकडे उभं राहायचं, तिथून तिसऱ्या मजल्याकडे बघायचं. कुंपणावर 'शांतता राखा' अशी पाटी. अण्णा बसचे कंडक्टर. आठवडाभर घसा फोडून ओरडणारा माणूस, पण रविवारी मुक्याने नुसते हातवारे करायचा.

माई खोलीभर हिंडली. तिने भिंतीला हात लावून बघितला. "इथे नर्सचं टेबल. आणि हा सोफा ठेवलाय ना, तिथे माझी खाट."

"काहीतरीच काय! तू खिडकीपाशी होतीस."

"खिडकीपाशी शेजारीण होती."

"अगं, मी दर रविवारी बघायचो ना तुला. तांबडा मफलर गुंडाळून उभी असायचीस. मीच दिलेला."

माई सोफ्यावर बसली. तिने शेजारच्या जागेवर हात ठेवला. अण्णा येऊन बसले.

"सुरुवातीला मीच यायचे," ती म्हणाली. "मग थंडी पडली आणि माझं अंथरुणच सुटेना. उठून बसवत नव्हतं. डॉक्टर माझ्या खाटेशी यायचे तेही मान खाली घालून. त्या रविवारी तुम्ही खाली आलात आणि मी रडायला लागले, की आता हे बघतील खिडकी रिकामी. तर ती शेजारची उठली. माझा मफलर घेतला, डोक्याला गुंडाळला आणि उभी राहिली. म्हणाली, एवढ्या लांबून काय कळतंय त्याला?"

अण्णांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"थंडी सरेपर्यंत तीच उभी राहायची," माई म्हणाली.

"पण तेव्हा तर..." अण्णा म्हणाले. "तेव्हा तर तू दोन्ही हात हलवायचीस. आधी कधी एवढे हलवले नव्हतेस. मला वाटलं, आता अंगात ताकद आली. मी आईला जाऊन सांगितलं, ती सुधारतेय. रजा काढून घराला रंग दिला. म्हणजे तू इथे मरायला टेकली होतीस, आणि मी तिकडे शीळ घालत भिंती रंगवत होतो."

"मग? त्या रंगवलेल्या घरातच आले ना मी?"

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"सांगणार होते. पण घरी आले, तर तुम्ही घरातल्या घरात ज्याला त्याला सांगत सुटला होतात, की ही वरून कसे दोन्ही हात हलवायची म्हणून. इतकं कौतुक तुम्ही माझं आधी कधी केलं नव्हतं. मोडवेना मला."

अण्णा उठले आणि खिडकीपाशी गेले. कुंपण आता नव्हतं. तिथे हिरवळ होती, आरामखुर्च्या होत्या, आणि कोणी पाहुणे चहा घेत बसले होते. माणसं दिसत होती, पण चेहरे काही कळत नव्हते.

"ती गेली का बरी होऊन?"

"नाही."

खाली कोणीतरी मोठ्याने हसलं. अण्णांनी खिडकीची चौकट धरली.

"तिला कोण यायचं गं भेटायला?"

"तुम्हीच की," माई म्हणाली.