याचा उपयोग काय?

मोशीत दारोदार हिंडून आम्रपाली लोकांना विचारायची, "वॉर्डाचा कारभार कसा चाललाय? तुमचं म्हणणं कोणी ऐकतं का?" दोन वर्षांनी वरून शेरा आला, 'या संशोधनाचा उपयोग काय?' आणि अनुदान बंद झालं.

त्याच दिवशी सत्तरीच्या मंजुळाबाईंची मुलाखत ठरली होती. ती रद्द झाल्याचं सांगायला आम्रपाली ओशाळून त्यांच्या दारात गेली, तर आत गल्लीतल्या दहा-बारा बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या.

"आजी, हे काम आता थांबलंय. मला पगारही नाही."

"नसू दे. चहा हाय. बस आन् लिव्ह," मंजुळाबाई म्हणाल्या.



आम्रपालीनं वही उघडली, तशा मंजुळाबाई म्हणाल्या, "मत मागायला लई जण आले, पोरी. मत इचारायला तूच पहिली."