नितळ हात

चाळीस वर्षं सोरायसिसने खडबडीत केलेले दिगंबररावांचे तळवे सत्तरीत नव्या इंजेक्शनांनी नितळ झाले. हिवाळाभर लेकीकडे गेलेल्या बायकोला, शरयूताईंना, त्यांनी हे मुद्दाम कळवलं नव्हतं.

त्या परतल्या, तेव्हा दिगंबररावांनी हौसेने त्यांचा हात हातात घेतला. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या शरयूताईंनी ते तळवे चाचपले आणि झटकन हात सोडवून घेतला.

“कोण?”

“अगं, मीच! गेल्या सगळ्या खपल्या.”

शरयूताईंनी बोट न् बोट पुन्हा चाचपलं. “आवाज अगदी त्यांच्यासारखा काढता हो,” त्या म्हणाल्या.

दिगंबरराव हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. भिंतीपर्यंत मागे सरकून त्या कुजबुजल्या, “मी कुणाला सांगणार नाही. त्यांना कुठे ठेवलंय, तेवढं सांगा.”